द्वारकेतून बिअरचे संशोधन: विद्यार्थ्यांसाठी आणि मार्गदर्शकांसाठी

बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, म्हणजे माल्टच्या, साखरेवर यीस्टने केलेले काम. धान्य, पाणी, हॉप्सची फुले आणि यीस्ट एवढाच तिचा कच्चा माल. या चार जिनसांत जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, उष्णतेचे गणित, पाण्याचे रसायन आणि संख्याशास्त्र असे सगळे येऊन मिळते. उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठात बिअर हा गंभीर अभ्यासविषय ठरतो तो त्यामुळे. लुई पाश्चर यांनी बिअरवरचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट उत्पादनात आणले. त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नत्र मोजण्याची पद्धत बसवली. डाळीतली किंवा दुधातली प्रथिने आजही तिच्या आधारे मोजतात. सामू म्हणजे पीएचची मोजपट्टी सोरेन्सन यांनी तिथेच १९०९ मध्ये मांडली. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतले विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची कसोटी प्रसिद्ध केली. ती ‘टी टेस्ट’ आज विज्ञानाचे बहुतेक पदवीधर शिकतात. या शोधांचा उगम ब्रुअरीच्या रोजच्या अडचणींत होता.

जर्मनीत वायहेनश्टेफान-ट्रीसडॉर्फच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात ब्रुइंग हा रीतसर अभ्यासक्रम आहे. भारतात असे शिक्षण मुख्यतः साखर आणि मद्यार्काच्या उद्योगाभोवती वाढले. पुण्याजवळ मांजरीला १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञानाचा विभाग आहे आणि वाइन, ब्रुइंग व अल्कोहोल तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षणही मिळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह १९५१ पासून आहे. पुण्यातच २००९ मध्ये डूलॅली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि ताज्या बिअरचा व्यवसाय महाराष्ट्रात रुजला. ज्या मराठी विद्यार्थ्याला या विषयातच पदवी हवी आहे, त्याने आधी मांजरीचा रस्ता धरावा. दिल्लीत आधीच शिकत असलेल्याला मात्र घरी परतण्याची गरज नाही. दिल्लीच्या द्वारका उपनगरात राहून बिअरच्या विज्ञानावर चांगला प्रबंध लिहिता येतो. त्यासाठी बिअर तयार करण्याच्या हट्टाऐवजी तिच्या एकेका टप्प्याचा प्रश्न हाती घ्यावा लागतो.

द्वारकेतली दोन विद्यापीठे या कामाला सोयीची आहेत. सेक्टर ३ मधील नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ १९८३ मध्ये तंत्रशिक्षण संस्था म्हणून सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सेक्टर १६-सी मधील गुरू गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठाची स्थापना १९९८ ची. दोन्हीकडे जैवतंत्रज्ञान शिकवले जाते आणि इंद्रप्रस्थमध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभागही आहे. ब्रुइंग असे नाव असलेला विभाग इथे शोधत बसू नये. किण्वन, एन्झाइम किंवा अन्नप्रक्रियेवर काम करणारा मार्गदर्शक गाठावा. लागणारी साधने बहुतेक जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळांत असतातच: ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर, सूक्ष्मदर्शक, अचूक तराजू. द्वारकेचे ठिकाणही सोयीचे आहे. पुशाची भारतीय कृषी संशोधन संस्था शहरातच आहे. हौज खासच्या आयआयटीत जैवरासायनिक अभियांत्रिकीचा जुना, नावाजलेला विभाग आहे. गहू आणि जव संशोधनाची राष्ट्रीय संस्था कर्नालला, यीस्टसह हजारो सूक्ष्मजीव जपणारा एमटीसीसी संग्रह चंदीगडला. मायक्रोब्रुअरींची गर्दी असलेले गुरुग्राम तर हद्दीला लागूनच आहे.

कायद्याचा भाग सर्वांत आधी मिटवावा. बहुतेक विद्यार्थी हा भाग शेवटी आठवतात आणि तोवर अर्धे वर्ष गेलेले असते. राज्यघटनेने मद्य हा विषय राज्यांकडे दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांचा अधिकार मान्य केला. दिल्लीत २००९ चा अबकारी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करता येत नाही आणि २५ वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकता येत नाही. हरियाणात ही मर्यादा २१ आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे. म्हणजे द्वारकेतला बी.टेक.चा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी दिल्लीच्या कायद्याने बिअर विकत घेण्याच्या वयाचाही नाही. ‘प्रयोगासाठी थोडीशीच केली’ हे कोणत्याही कायद्यात उत्तर ठरत नाही. वसतिगृहाच्या खोलीत, बादलीत, ऑनलाइन मागवलेल्या किटवर असले काही करू नये.

यातून वाट निघते ती प्रक्रियेच्या क्रमातून. मोड आणणे, भट्टीत वाळवणे, भरडणे, गरम पाण्यात कालवून गोड अर्क काढणे, तो हॉप्ससह उकळणे या सगळ्या टप्प्यांत अल्कोहोल नसते. ब्रुअर या अर्काला वर्ट म्हणतात. यीस्ट पडेपर्यंत वर्ट हे निव्वळ धान्याचे पेय असते. अर्क काढल्यावर उरणारा चोथाही अल्कोहोलपासून मुक्त असतो. पदवीच्या पातळीवरचे बरेच चांगले प्रश्न या हद्दीच्या अलीकडेच सापडतात. किण्वनाचा भाग करायचाच असेल, तर विभागप्रमुखांच्या सहीने अबकारी खात्याला लेखी अर्ज करावा. त्यात किती लिटर, कोणत्या खोलीत, कोणाच्या ताब्यात आणि शेवटी नष्ट कसे करणार हे स्पष्ट लिहावे. संस्थेच्या भांडारपालाशी आधी बोलून घ्यावे. प्रयोगशाळेच्या शुद्ध अल्कोहोलची नोंदवही बहुधा त्याच्याकडेच असते आणि खात्याशी पत्रव्यवहार कसा करायचा हे त्याला नव्या प्राध्यापकापेक्षा जास्त ठाऊक असते. लेखी उत्तर येईपर्यंत यीस्टची बाटली उघडू नये.

आता प्रश्न कसा निवडावा. ‘भारतीय बिअरची गुणवत्ता सुधारणे’ हा विषय कधीच पुरा होत नाही. ‘मालदांडी ज्वारीचे माल्ट ३० टक्के मिसळले असता वर्टमधली साखर आणि नत्र किती बदलते’ हा विषय एका वर्षात पुरा होतो. पुढच्या माणसाला त्याचा उपयोगही होतो. मराठी विद्यार्थ्याकडे इथे एक जमेची बाजू असते, ती धान्याची. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. राहुरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी ज्वारीची अनेक वाणे दिली आहेत. कोकणात आणि कोल्हापूरकडे नाचणी घरोघर असते. भरड धान्याच्या बिअरचा पूर्वेतिहासही भक्कम आहे. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली आणि तिथल्या कारखान्यांनी ज्वारीवर लागर बिअर काढून दाखवली. सिक्कीममध्ये कोदोपासून (तिथे नाचणीला कोदो म्हणतात) केलेले पेय टोंग्बाच्या भांड्यातून नळीने पितात. झारखंडची हंडिया तांदळाची.

ज्वारी आणि जव यांत जो फरक आहे, तोच प्रबंधाचा गाभा होऊ शकतो. जवाचे पिष्ट साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला फुगून मोकळे होते. ज्वारीचे पिष्ट त्यासाठी ७० च्या आसपास किंवा त्याहून जास्त उष्णता मागते. पिष्टाचे तुकडे करून माल्टोज ही साखर देणारे बीटा-अमायलेज एन्झाइम ६० ते ६५ अंशांना जोमात असते आणि ७० ला लवकर निकामी होते. म्हणजे ज्वारीचे पिष्ट मोकळे होईपर्यंत त्याची साखर करणारा कामगार थकलेला असतो. त्यात ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज मुळातच कमी. उपाय दोन आहेत. ज्वारी वेगळी शिजवून, थंड करून मग जवाच्या माल्टमध्ये मिसळावी किंवा बाहेरून एन्झाइम घालावे. भारतीय कारखाने तांदळाची कणी वापरतात तेव्हा पहिल्याच वाटेने जातात. दोन्ही वाटांचा खर्च, वेळ आणि मिळालेली साखर यांची तुलना हा अगदी नेमका विषय आहे. नाचणी या बाबतीत ज्वारीपेक्षा उदार असते, कारण मोड आलेल्या नाचणीत अमायलेजची ताकद चांगली येते. लहान बाळासाठी घरी करतात त्या नाचणी सत्त्वाची पहिली पायरी आणि माल्टिंग ही तत्त्वतः एकच क्रिया आहे: भिजवणे, मोड आणणे, वाळवणे.

माल्टिंगमध्ये तापमान सांभाळणे हे निम्मे काम. जव भिजवून त्यातली ओल ४३ ते ४५ टक्क्यांवर आणतात, १५ ते १८ अंशांना चार-पाच दिवस मोड येऊ देतात आणि शेवटी ८० अंशांच्या वर भाजून थांबवतात. दिल्लीत हे थंड इन्क्युबेटरशिवाय फक्त हिवाळ्यात जमते. ज्वारीला मोडासाठी २५ ते ३० अंश आवडतात. मात्र तिला वाळवताना ५० ते ५५ अंशांपुढे जाऊ नये, नाहीतर आधीच थोडे असलेले एन्झाइम जळते. पावसाळ्यात बुरशीवर नजर ठेवावी. एक इशारा ठळक अक्षरांत लिहून प्रयोगशाळेत लावावा. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून सायनाइड सुटते. कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात ती त्यामुळेच. वाळल्यावर कोंब आणि मुळे चोळून पूर्ण काढावीत आणि माल्टमधल्या सायनाइडची चाचणी केल्याशिवाय ते कोणाच्याही तोंडी जाऊ देऊ नये.

जवाचे बियाणे किंवा दाणे घेताना वाणाचे नाव लिहून घ्यावे. बाजारातला मिश्र जव प्रयोगाला कामाचा नाही. कर्नालच्या संस्थेने माल्टसाठी दोन-रांगी जवाची वाणे दिली आहेत. डीडब्ल्यूआरयूबी ५२, डीडब्ल्यूआरबी ९२, डीडब्ल्यूआरबी १०१ आणि डीडब्ल्यूआरबी १२३ ही त्यांतली काही. माल्टच्या जवात प्रथिने साधारण ९ ते ११ टक्के असलेली बरी. दाणा भरण्याच्या वेळी मार्च तापला, तर दाणा बारीक राहतो आणि प्रथिनांचा टक्का चढतो. असा जव कमी अर्क देतो. उत्तर भारतातल्या माल्टची ही जुनी अडचण आहे आणि वाढत्या उन्हाळ्याने ती अधिक बोचरी झाली आहे. हवामान आणि शेती यांत रस असलेल्याने हा धागा जरूर धरावा.

माल्टची तुलना करायची तर सगळ्यांनी मान्य केलेली एकच रीत वापरावी. तिला काँग्रेस मॅश म्हणतात (मॅश म्हणजे गरम पाण्यात कालवलेले माल्ट). बारीक दळलेले ५० ग्रॅम माल्ट ४५ अंशांच्या २०० मिलिलिटर पाण्यात कालवून अर्धा तास त्याच तापमानाला ढवळत ठेवायचे. मग मिनिटाला एक अंश या गतीने २५ मिनिटांत ७० अंशांवर न्यायचे, ७० अंशांचे आणखी १०० मिलिलिटर पाणी घालायचे आणि एक तास तिथेच धरायचे. मिश्रणाचा एक थेंब पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा-जांभळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे, पिवळाच राहिला तर काम झाले. हा पिवळा रंग किती मिनिटांनी आला ते घड्याळ लावून लिहायचे. शेवटी थंड करून भांड्यातल्या ऐवजाचे वजन पाण्याने बरोबर ४५० ग्रॅम करायचे आणि गाळायचे. गाळायला किती वेळ लागला हीसुद्धा नोंद आहे. जवाला टरफल असते आणि त्याचाच गाळणीसारखा थर बसतो. ज्वारी आणि नाचणीला तसे टरफल नाही, त्यामुळे गाळणे रखडते. अशा वेळी धुतलेले भाताचे तूस मिसळतात. किती मिसळले ते वहीत लिहिणे मात्र विसरू नये.

पाण्याकडे दुर्लक्ष झाले की निकाल फिरतात, आणि द्वारकेत हे विशेष लागू पडते. नैर्ऋत्य दिल्लीचे भूजल बऱ्याच ठिकाणी खारे आणि जड आहे. एकाच इमारतीत आज नळाचे, उद्या टँकरचे आणि परवा बोअरचे मिसळलेले पाणी येऊ शकते. पाण्यातले बायकार्बोनेट मॅशचा सामू वर ढकलते. तो ५.२ ते ५.६ च्या दरम्यान नसेल तर एन्झाइम नीट चालत नाहीत आणि टरफलातला तुरटपणा उतरतो. क्लोरिन धान्यातल्या फिनॉलशी जुळून औषधी वास देते आणि हा वास अब्जांशातसुद्धा नाकाला कळतो. सोपा नियम असा की प्रयोगासाठी नेहमी खनिजविरहित पाणी घ्यावे आणि क्षार मोजून घालावेत. लिटरला ५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असेल, तर दोन रेणू पाणी असलेल्या कॅल्शियम क्लोराइडचे १८३ मिलिग्रॅम लागतात, म्हणजे ५ लिटरला सुमारे ०.९२ ग्रॅम. एवढे केले की जुलैचा आणि जानेवारीचा प्रयोग एकमेकांशेजारी ठेवता येतो.

हॉप्सबद्दल थोडक्यात. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात त्यांची लागवड झाली असली, तरी भारतातल्या ब्रुअरी मुख्यतः आयात हॉप्सवर चालतात. पाकिटावर पिकाचे वर्ष आणि कडवटपणा देणाऱ्या अल्फा आम्लाचा टक्का पाहावा, फ्रीजरमध्ये हवाबंद ठेवावे. हॉप्सशिवायच्या वर्टवरही भरपूर काम होते, त्यामुळे पहिल्या प्रबंधात हा बदल न घातलेलाच चांगला.

यीस्ट घेताना पाकिटातले सुके यीस्ट की संग्रहातले नोंदलेले वाण, हे आधी ठरवावे. प्रसिद्ध करायच्या कामाला नोंदणी क्रमांक असलेले वाण हवे. चंदीगड आणि पुण्याच्या संग्रहांतून ते रीतसर मागवता येते. यीस्टचे प्रमाण अंदाजाने घालणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. रूढ प्रमाण असे: दर मिलिलिटरला आणि दर अंश प्लेटोला (म्हणजे वर्टमधल्या विरघळलेल्या अर्काच्या दर वजनी टक्क्याला) दहा लाख जिवंत पेशी. वर्ट १२ अंश प्लेटोचे असेल तर मिलिलिटरला १ कोटी २० लाख, आणि ५ लिटरसाठी ६,००० कोटी पेशी. आता यीस्टचे मिश्रण शंभरपट पातळ करून पेशी मोजण्याच्या न्यूबावर काचेवर घ्यावे. मधल्या एक चौरस मिलिमीटरच्या चौकटीत १८० पेशी मोजल्या, तर १८० ला दहा हजारांनी आणि शंभराने गुणावे. मूळ मिश्रणात मिलिलिटरला १८ कोटी पेशी निघतात. लागणारे मिश्रण सुमारे ३३३ मिलिलिटर. मेथिलीन ब्लूने दहा टक्के पेशी निळ्या झाल्या तर त्या मेलेल्या समजाव्यात आणि ३७० मिलिलिटर घ्यावे. अर्ध्या तासाचे हे काम टाळले, तर दोन वाणांत दिसलेला फरक वाणाचा की पेशींच्या संख्येचा हे कोणालाच सांगता येत नाही.

दिल्लीचा उन्हाळा हाही संशोधनाचा विषय आहे. एल प्रकारची बिअर साधारण १८ ते २२ अंशांना आणि लागर ८ ते १२ अंशांना आंबते. बाहेर ४५ अंश असताना टाकी १० अंशांवर ठेवण्याचा विजेचा खर्च लहान ब्रुअरीला जाणवतो. नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली क्वाइक यीस्ट ३० ते ४० अंशांना वेगाने आंबवतात आणि तरी चव बिघडू देत नाहीत. अशा यीस्टने भारतीय माल्टवर किती थंडावा वाचतो, हा प्रश्न गुरुग्रामच्या ब्रुअरला उद्याच उपयोगी पडेल. परवानगी मिळाल्यावर हा प्रयोग फार थोड्या साधनांत होतो. ५०० मिलिलिटर वर्ट एक लिटरच्या फ्लास्कमध्ये घेऊन, वायू सुटेल पण हवा शिरणार नाही अशी नळी लावून, रोज सकाळ-संध्याकाळ वजन करावे. १२ प्लेटोच्या वर्टमधून लिटरमागे सुमारे ३८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे या फ्लास्कचे वजन साधारण १९ ग्रॅमने घटते. त्या घटीचा आलेख हाच किण्वनाचा आलेख. दर वेळी नमुना काढावा लागत नाही, जंतू शिरत नाहीत. तोंड घट्ट बंद केलेली काच मात्र फुटते. लिटरमागे वीस लिटरच्या आसपास वायू बाहेर पडतो, हे लक्षात ठेवून खोलीत हवा खेळती ठेवावी.

अल्कोहोलचा अंदाज घनतेवरून येतो. सुरुवातीची घनता १.०४८ आणि शेवटची १.०१० असेल तर फरकाला १३१.२५ ने गुणून ४.९९ टक्के मिळतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यपेयांचे २०१८ चे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. त्यांत ५ टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची कडक धरली आहे. म्हणजे हा नमुना अगदी रेषेवर बसतो. इथे तापमानाची चूक महागात पडते. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांना जुळवलेला असतो. सुरुवातीचे माप थंड खोलीत आणि शेवटचे जूनमध्ये ३५ अंशांना घेतले, तर दुसरे माप सुमारे ०.००४ ने कमी दिसते आणि अल्कोहोल अर्ध्या टक्क्याने जास्त निघते. सौम्य बिअर कागदावर कडक होते. माप घेण्याआधी वायू पूर्ण घालवावा आणि नमुना २० अंशांवर आणावा. खात्रीच्या आकड्यासाठी ऊर्ध्वपातन करावे.

स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढ्या एका यंत्रावर तीन महत्त्वाची मापे होतात. गाळलेल्या नमुन्याचे ४३० नॅनोमीटरवरचे शोषण २५ ने गुणले की युरोपीय पद्धतीचा रंग मिळतो. आम्ल घालून आयसो-ऑक्टेनमध्ये ओढलेल्या अर्काचे २७५ वरचे शोषण ५० ने गुणले की कडवटपणाचे एकक मिळते. निनहायड्रिनने ५७० वर मुक्त अमिनो नत्र कळते. ते लिटरला १५० मिलिग्रॅमच्या खाली गेले, तर यीस्ट उपाशी राहते आणि ज्वारी-तांदळाचे प्रमाण वाढवताना नेमके हेच घडते. कोणती साखर किती, यासाठी एचपीएलसी आणि वासद्रव्यांसाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. ते विभागात नसेल तर शेजारच्या संस्थेत नमुने द्यावेत, पण कोणते नमुने आणि किती हे आधी ठरवून.

चवीची चाचणी हा सर्वांत नाजूक भाग. त्रिकोणी चाचणीत तीन पेल्यांपैकी दोन सारखे आणि एक वेगळा असतो, आणि वेगळा ओळखायचा असतो. नुसत्या नशिबाने तिघांतला एक जण बरोबर येतोच. म्हणून २४ जणांपैकी निदान १३ जणांनी ओळखला तरच पाच टक्के पातळीला फरक मान्य करतात. बिअरची चाचणी दिल्लीत फक्त २५ वर्षांवरील, स्वेच्छेने आलेल्या आणि लेखी संमती दिलेल्या लोकांवर, संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घेऊनच करावी. गुण, हजेरी किंवा शिक्षकाची मर्जी यांचा तिच्याशी दूरचाही संबंध येऊ देऊ नये. गर्भवती, औषधे चालू असलेले आणि व्यसनातून बाहेर आलेले लोक यांना वगळावे. कोणी गाडी घेऊन परत जाणार नाही, याची व्यवस्था संशोधकाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. संमतिपत्रात हे स्वच्छ लिहावे. वर्टची चाचणी मात्र अल्कोहोल नसल्याने तरुण विद्यार्थ्यांवरही घेता येते.

अल्कोहोल नको असलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत समृद्ध विषय चोथ्यात सापडतो. दर १०० लिटर बिअरमागे सुमारे २० किलो ओला चोथा निघतो. त्याचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग पाणी असतो, पण सुक्या भागात प्रथिने साधारण २० टक्के आणि तंतू भरपूर. गुरुग्रामच्या ब्रुअरींना तो रोज कुठेतरी द्यावाच लागतो आणि उन्हाळ्यात एका दिवसात तो आंबू लागतो. किती तासांत, किती तापमानाला वाळवला तर बुरशी लागत नाही? पिठात किती टक्के मिसळला तर पोळी लाटता येते? आळिंबीला तो गव्हाच्या काडापेक्षा सरस ठरतो का? हे प्रश्न साधे दिसतात, पण उत्तरे डेअरीवाल्याला, बेकरीला आणि ब्रुअरीला तिघांनाही हवी आहेत. चोथा ब्रुअरीतून मॅश गाळल्याबरोबर, किण्वनाच्या आधी घ्यावा, बर्फाच्या पेटीत आणावा आणि घेतल्याची वेळ लिहावी.

निकाल मांडताना एक गल्लत वारंवार होते. एकाच भांड्यातून तीन नमुने काढून मोजले म्हणजे प्रयोग तीनदा झाला असे होत नाही. त्यातून फक्त मोजमाप किती स्थिर आहे ते कळते. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगळे माल्ट तोलून, वेगळे मॅश केले तर ती तीन पुनरावृत्ती. गॉसेट यांनी जी कसोटी दिली ती अशाच थोड्या पण खऱ्या पुनरावृत्तींसाठी. फसलेले मॅशही वहीत ठेवावे, कारणासह.

जंगलातल्या फुलांवरून, मोहाच्या झाडावरून किंवा हंडिया आंबवण्याच्या गोळीतून नवे यीस्ट वेगळे काढण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो चांगलाच आहे. पण असे यीस्ट परदेशी प्रयोगशाळेला पाठवायचे किंवा परदेशी संस्थेबरोबर त्यावर काम करायचे असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. ज्या समाजाने ते जपले, त्याचा वाटाही तिथेच ठरतो. प्रबंधात त्या गावाचे आणि समाजाचे नाव आदराने यावे.

वेळापत्रक धान्याच्या हंगामावर बसवावे. जव नोव्हेंबरच्या सुमारास पेरतात आणि एप्रिलमध्ये कापतात. ताज्या दाण्याला काही आठवडे सुप्तावस्था असते आणि त्या काळात तो एकसारखा मोडत नाही. त्यामुळे कर्नालला दाण्याची विनंती मार्चमध्येच पाठवावी, अबकारी खात्याचा अर्जही त्याच महिन्यात द्यावा आणि पहिले माल्टिंग ऑगस्टमध्ये, थंड इन्क्युबेटर हाताशी ठेवून, सुरू करावे.